तार तुटलेली नाही, कापलेली आहे

जमिनीवर ओढलेली पिवळी रेघ. चार इंच रुंद.

खिमा भरलेल्या साठ पाई. थंडगार.

"अठ्ठ्याऐंशी! दोन जाड्या बाया!"

तळहाताएवढं निळं पुस्तक. त्यात एकतीस नियम.

पितळेच्या पाटीवर सात नावं.

माझ्या जाळीत अडकलेला लिपस्टिकचा कण. तो काढू नका.

आणि काचेखाली एक पांढरं कार्ड: 'मायक्रोफोन, १९५८च्या सुमाराचा. तार मध्यभागी तुटलेली व ओबडधोबड जोडलेली.'

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोफोन आहे. जुना हा शब्द मी स्वतःसाठी वापरला तर चालेल. पण तार तुटलेली आहे, असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. ती कापलेली आहे. तुटण्यात आणि कापण्यात काय फरक असतो, तेवढंच सांगायला मी बसलो आहे.

*

माझा जन्म बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात केसाएवढ्या तारेचं एक वेटोळं आहे. ते एका बाईनं डोळ्याला भिंग लावून गुंडाळलं. गुंडाळताना ती शेजारणीशी सासूबद्दल बोलत होती. मी ऐकलेलं पहिलं बोलणं ते. कानावर पडेल ते निमूट ऐकून घ्यायचं आणि मोठं करून पुढे पाठवायचं, एवढंच माझं काम.

मला विकत घेतलं ते वॉल्टर टिंगल यांनी. यॉर्कशायरमध्ये कोल्डवेल नावाचं कोळशाच्या खाणीचं गाव आहे. तिथल्या कामगार क्लबाचे ते करमणूक सचिव. निळा सूट, दाढीचा खुंटही दिसायचा नाही असा चेहरा. त्यांनी दुकानदाराला सांगितलं, "तार साठ फूट हवी."

"साठ? कुठल्या कॅथीड्रलमध्ये लावताय?"

"बिंगोला."

दुकानदार हसला. टिंगलसाहेब हसले नाहीत. क्लबात दोन खोल्या होत्या. मोठ्या खोलीत स्टेज, गाणी, बायकामुलं. आतल्या खोलीत स्नूकरचं टेबल आणि फक्त पुरुष. आतले पुरुष बिंगोच्या सोडतीसाठी टेबल सोडून बाहेर यायला तयार नव्हते आणि बिंगो चुकवायलाही तयार नव्हते. म्हणून 'अठ्ठ्याऐंशी, दोन जाड्या बाया' असे आकडे त्यांच्या टोपणनावांसकट पुकारत टिंगलसाहेबच आत जायचे आणि मागून माझी तार यायची.

दोन खोल्यांच्या मधल्या कमानीखाली ती पिवळी रेघ होती. बायकांनी ती ओलांडायची नाही. नियम चौदावा.

ती रेघ दर वर्षी नव्यानं रंगवायची कोण? एडना हेपवर्थ. क्लबाची सफाईवाली. रोज सकाळी ती दोन्ही खोल्या पुसायची. बादली हातात असली की तिला रेघ दिसायची नाही आणि कमिटीलाही ती रेघेपलीकडे दिसायची नाही. संध्याकाळी मात्र तीच एडना चांगला कोट घालून आली की दोघांनाही सगळं स्वच्छ दिसायचं.

टिंगलसाहेब वाईट नव्हते, हे मला सांगितलं पाहिजे. एकदा एका गाणाऱ्या मुलीला लोकांनी इतकं छेडलं की ती माझ्यासमोरच रडली. पुढच्याच बैठकीत त्यांनी नवा नियम करून घेतला. एकतिसावा. 'कलाकार गात असताना कोणीही सभासद बोलणार नाही, जागेवरून हलणार नाही, कलाकाराला अडवणार नाही. कलाकाराने आभार मानल्यावरच गाणे संपले असे समजावे. मोडणाऱ्यास एक वर्ष प्रवेशबंदी.'

त्या दिवसापासून कोल्डवेलच्या क्लबाएवढी शांतता कुठल्या प्रार्थनामंदिरातही नसेल. आणि गाणं संपल्याबरोबर टिंगलसाहेब मला दोन बोटांत चहाच्या कपासारखं धरून ओरडायचे, "मंडळी, पाई आल्यात! वाटाणे मागून येतायत!"

*

१९६१च्या मार्चमध्ये तीन नंबरच्या बोगद्याचं छत खाली आलं. सात माणसं गेली. त्यांतला एक क्लिफ हेपवर्थ, एडनाचा नवरा. मागे अकरा वर्षांची मुलगी राहिली, ग्लेंडा.

क्लबानं सात नावांची पितळी पाटी केली आणि आतल्या खोलीत लावली. सातही जण सभासद होते ना. दर मार्चमध्ये, पहिल्या रविवारी दुपारी, टिंगलसाहेब मला घेऊन पाटीपुढे उभे राहायचे आणि नावं वाचायचे. पुरुष पेले उचलायचे. सात विधवा रेघेच्या अलीकडे उभ्या राहून ऐकायच्या. तिथून पाटी दिसत नाही. मधे भिंतीचा कोपरा येतो.

सोमवारी सकाळी पाटी घासायला एडनाच यायची. हातात फडकं असेल तर ती नवऱ्याच्या नावापुढे उभी राहू शकत होती. फडक्याशिवाय नाही.

*

ग्लेंडा वीस वर्षांची झाली तेव्हा तिच्याकडे दोन गोष्टी होत्या. डब्यात खिळे घालून हलवावेत तसा आवाज आणि डेरेक नावाचा ढोलवाला. आठवडाभर ती बिस्किटांच्या कारखान्यात काम करायची, शनिवारी-रविवारी गायची. १९७०च्या मार्चमध्ये कमिटीनं तिला स्मृतिदिनाला बोलावलं. खाणीत गेलेल्याची पोर आहे, दोन हळवी गाणी म्हणेल, मग नावं, मग पाई.

आदल्या आठवड्यात ती टिंगलसाहेबांकडे आली. मी त्यांच्यासमोर टेबलावरच होतो.

"काका, रविवारी आईला आत येऊ द्या. दोन मिनिटं. नावं वाचतील तेवढ्यापुरतं."

"पोरी, नियम म्हणजे नियम. एकीला सोडलं की उद्या सगळ्या येतील."

"येऊ देत की."

"मग आम्ही जायचं कुठं?"

"तुम्ही आधीच आत आहात ना!"

टिंगलसाहेबांनी फडक्यानं माझी जाळी पुसली. "हे बघ," ते म्हणाले, "मी क्लिफबरोबर शाळेत होतो. मला काही वाटत नाही असं समजू नकोस. पण पुस्तकात जे नाही ते मला करता येत नाही."

"आणि पुस्तकात जे आहे?"

"ते तर करावंच लागतं."

ग्लेंडा "बरं" म्हणाली आणि गेली. प्रत्येक सभासदाला ते निळं पुस्तक मिळायचं. क्लिफचं पुस्तक घरी कपाटात होतं. तो आठवडा ती ते वाचत होती, असं डेरेकनं पुढे कितीतरी जणांना सांगितलं.

*

रविवार. दुपारचा एक वाजला होता. मोठी खोली भरलेली. आत स्नूकर चालू. एडना पाईंचा मोठा ट्रे घेऊन रेघेजवळ उभी. पाई बायकांनी रेघेपर्यंत आणायच्या आणि तिथून पुरुषांनी आत न्यायच्या, अशी पद्धत. टिंगलसाहेब रेघेच्या पलीकडे, हातात पाई कापायची सुरी.

पहिलं गाणं हळवं होतं. एक म्हातारी रडली. ग्लेंडानं आभार मानले नाहीत. ते गाणं संपता संपता डेरेकनं ठेका धरला आणि तिनं दुसरं सुरू केलं.

मित्रांनो, तोवर माझ्यातून बिंगोचे आकडे गेले होते, मृत माणसांची नावं गेली होती, हरवलेल्या छत्र्यांच्या घोषणा गेल्या होत्या. असं काही गेलं नव्हतं. माझ्या पोटातलं ते वेटोळं इतकं थरथरलं की आता जळतंय असं वाटलं. ग्लेंडा स्टेजवरून उतरली. टेबलांमधून चालत निघाली. मागून माझी साठ फूट तार पेल्यांना वळसे घालत येत होती. ती कमानीशी आली, रेघेकडे बघितलंसुद्धा नाही आणि आत गेली.

कोणी काही बोललं नाही. बोलायची सोयच नव्हती.

अर्नेस्ट नावाचा एक जाडा गृहस्थ फटका मारायला टेबलावर वाकला होता. तो वाकलेलाच राहिला. एकाच्या तोंडात बिअरचा घोट होता, तो त्यानं गिळला की नाही देव जाणे. सगळे टिंगलसाहेबांकडे बघत होते आणि टिंगलसाहेब शून्यात. नियम त्यांचाच होता.

ग्लेंडा पाटीपाशी जाऊन वळली आणि आईकडे बघून हात पुढे केला. ये.

एडनानं मान हलवली. नाही.

हे ग्लेंडानं गृहीत धरलेलं नव्हतं. कमिटीच्या नियमांतून तिनं वाट काढली होती. आईच्या मनातून काढायची राहिली होती. नऊ वर्षं ती रेघ स्वतः रंगवलेली बाई होती ती. ग्लेंडाला थांबता येईना. थांबली की आभार मानावे लागणार, आणि मानले की तिला बाहेर काढणार. म्हणून एका गाण्याच्या शेपटाला दुसरं बांधत ती गात राहिली. वीस मिनिटं झाली. तीस झाली. तिचा आवाज फाटायला लागला तो माझ्या जाळीवर. अर्नेस्टनं हळूच हनुवटी टेबलाच्या कडेवर टेकली.

तेव्हा टिंगलसाहेब हलले. दोन पावलं पुढे आले, वाकले आणि पाईच्या सुरीनं माझी तार कापली.

मला काहीच ऐकू येईना असं झालं नाही. उलट सगळं ऐकू येत होतं, फक्त पुढे पाठवता येत नव्हतं. आता ही गप्प होईल, असं मला वाटलं. माझ्याशिवाय ही काय आहे? बिस्किटांच्या कारखान्यातली एक पोरगी.

ती गातच राहिली. माझ्याशिवाय. खिडकीची तावदानं वाजली. मी तिच्या मुठीत नुसता लोखंडाचा तुकडा होतो आणि माझा सगळा माज त्या एका मिनिटात उतरला.

आणि एडनानं ट्रे टिंगलसाहेबांच्या हातात दिला.

त्यांनी तो घेतला. काय करणार? दोन्ही हातांत साठ पाई घेऊन ते उभे राहिले. एडनानं कोटाचं वरचं बटण लावलं, रेघ ओलांडली आणि पाटीपुढे गेली. हातात फडकं नव्हतं. तिनं पाटीला हात लावला नाही, रडली नाही. तिनं फक्त वाचलं. सातही नावं, सावकाश. मग परत आली, ट्रे घेतला आणि रेघेच्या अलीकडे उभी राहिली.

ग्लेंडा म्हणाली, "थँक यू."

सगळे एकदम बोलायला लागले. सगळ्यांत आधी आवाज आला तो अर्नेस्टचा. तो कंबर धरून उठत ओरडत होता, "टिंगल! तू हललास! नियम एकतीस! मी इथं मोडलो तरी हललो नाही आणि तू हललास!"

"अरे, ती बाई आत आली त्याचं काय?" कोणीतरी म्हणालं.

"त्याचं नंतर! आधी हा हलला त्याचं बोला!"

ग्लेंडा दाराकडे निघाली. टिंगलसाहेब मागून म्हणाले, "तो माईक क्लबाचा आहे."

"अर्धी तार आहे की तुमच्याकडे," ती म्हणाली.

*

मंगळवारी कमिटी बसली. ग्लेंडावर आजन्म बंदी. एडनाचं काम गेलं. वॉल्टर टिंगल यांना एक वर्ष प्रवेशबंदी, गाणं चालू असताना जागेवरून हलल्याबद्दल. हा तिसरा ठराव मांडला खुद्द टिंगलसाहेबांनी. मग टोपी घातली आणि घरी गेले.

एडनाला चिठ्ठी द्यायला कमिटीचा माणूस आला तेव्हा तिनं दारातच वाचली आणि विचारलं, "मग आता रेघ रंगवणार कोण?"

तो म्हणाला, "बघू." त्यांनी अजून बघितलेलं नाही.

*

पुढचं पुष्कळांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो.

डेरेकनं काळी चिकटपट्टी लावून मला नवी तार जोडली. तीच ती ओबडधोबड. बँडचं नाव ठेवलं 'चौथी पाळी'. खाणीत पाळ्या तीनच असतात. लंडनमध्ये एका मॅनेजरनं पंचतारांकित चहा पाजून सांगितलं, "ग्लेंडा हेपवर्थ हे नाव दुकानातल्या बाईचं वाटतं. आपण ग्लोरिया हार्ट करू."

"हेपवर्थ पितळेत कोरलंय," ती म्हणाली. "तुम्ही पोस्टरवर ते कागदावर तरी छापा."

छापलं. तीन तबकड्या गाजल्या. टीव्हीवर तिला सांगितलं, जरा शुद्ध बोला. ती कोल्डवेलमध्ये बोलतात त्याहून गावठी बोलली. अमेरिकेत वीस हजार माणसांसमोर उभी राहिली तेव्हा तिथल्या ध्वनी-तंत्रज्ञानं मला चिमटीत धरून विचारलं, "हे काय? ह्यावर बिंगो खेळता का?"

"हो," ती म्हणाली. "आणि जिंकते."

मग घशात गाठी आल्या. शस्त्रक्रिया झाली. चार महिने ती खडूनं पाटीवर लिहून बोलली. वर्तमानपत्रांनी लिहिलं, संपली. ती परत आली तेव्हा आवाज दोन पट्ट्या खाली गेला होता. 'उरलेला आवाज,' असं एकानं छापलं. तिनं ते कात्रण माझ्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं आणि त्याच आवाजात अजून तीस वर्षं काढली. मोठी सभागृहं गेली, समुद्रकाठची छोटी नाट्यगृहं आली. कधी दोन हजार माणसं, कधी साठ, त्यातली वीस पावसातून आडोशाला आलेली. मला तिनं कधी सांगितलं नाही की आज कमी जोरात वाजलं तरी चालेल.

खाण केव्हाच बंद पडली. २००७ साली कोल्डवेलच्या क्लबानं बायकांना पूर्ण सभासदत्व दिलं आणि ग्लेंडाला पत्र पाठवलं. आपल्यावरील बंदी सन्मानपूर्वक उठवण्यात येत आहे, कृपया येऊन गावे.

एडना ब्याऐंशी वर्षांची होती. ग्लेंडानं तिला विचारलं, "आई, तुला सभासद करून घेऊ का?"

"मला काय करायचंय? मी जाऊन आलेय तिथं."

ग्लेंडानं उत्तर लिहिलं. 'बंदी राहू द्या. ती मी कमावलेली आहे. मी येते, पण आत नाही.'

ती गायली क्लबाच्या वाहनतळावर, भर दुपारी. क्लब रिकामा झाला. बारवाला कुलूप लावून बाहेर आला. नव्वदीचे टिंगलसाहेब चाकांच्या खुर्चीत, गुडघ्यांवर घोंगडी, अगदी पुढे. तिसऱ्या गाण्यानंतर दम खायला ती थांबली. तेव्हा त्यांनी हात वर केला. मी अगदी जवळ होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"पोरी, एवढ्यात आभार मानू नकोस. आम्हाला हलता येतंय असं कोण म्हणालं?"

ती हसली की खोकली, ते मला आजही सांगता येणार नाही.

*

आता मी संग्रहालयात, ह्या काचेच्या पेटीत आहे. एक तरुण गृहस्थ पांढरे हातमोजे घालून मला न्यायला आले होते.

"हा अजून चालतो," ग्लेंडानं त्यांना सांगितलं.

"म्हणूनच तर जपायला हवा."

"चालतो म्हणून बंद करायचा?"

पण तिची बोटं संधिवातानं वाकली होती आणि मी जड आहे. तिनं माझं नाक चिमटीत धरून म्हटलं, "मी बिनतारी घेतलाय. रुसू नकोस." मी रुसलो. तो बिनतारी अजून मला आवडत नाही. ज्याला तारच नाही त्याची कोणी काय कापणार? आणि जोडणार तरी काय?

ती महिन्यातून एकदा बसनं येते. काचेवर टकटक करते. तिनं इथल्या लोकांना सांगून बघितलं, आठवड्यातून एक दिवस मुलांच्या हातात द्या ह्याला, ओरडू द्या त्यांना ह्यात. इथले लोक म्हणाले, नियमात बसत नाही. मग तिनं नियमांचं पुस्तक मागितलं. ते द्यायला त्यांना दोन आठवडे लागले. परवा आली तेव्हा ते तिच्या पिशवीत होतं आणि अकराव्या पानावर खूण घातलेली होती.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी हात जोडून सांगतात की आम्हाला जपा, धूळ झटका, आमचा मान राखा. मी तसं सांगणार नाही. मला दया नको, मखमल नको. मला पोचे पडू देत. तुमच्यासमोर कोणी रेघ ओढली तर आधी तिच्याशी भांडत बसू नका. पुस्तक मागा आणि शेवटच्या पानापर्यंत वाचा. रेघ ओढणाऱ्यांनी बहुधा ते वाचलेलं नसतं. आणि कोणी तुमची तार कापली तर गाणं चालू ठेवा. तारेचं बघून घेणारा डेरेक भेटतो. हे कार्ड मात्र बदला. माझ्यासाठी एवढं करा. 'तुटलेली' खोडा.

क्लिफ हेपवर्थला गाण्याची आवड नव्हती. क्लबात गाणं सुरू होणार म्हटलं की तो पेला उचलून आतल्या खोलीत जाऊन बसायचा.